हिंगणघाटास विसावलेला मोजणीदार : कर्नल विल्यम लॅम्बटन

आपल्या जिल्ह्याच्या पूर्वभागी राहणाऱ्या विद्यार्थ्यांनी दक्षिणेकडून उत्तरेकडे जाणारी विमाने पुष्कळदा पाहिली असतील. नकाशा पुढे घेऊन हैदराबादच्या विमानतळापासून नागपूरच्या विमानतळापर्यंत पट्टीने एक सरळ रेघ ओढावी. ती रेघ पांढरकवडा आणि वणी ह्या दोन गावांच्या मधून आपल्या जिल्ह्यावरून जाते, वर्धा नदी ओलांडते आणि हिंगणघाटाच्या थोड्या पूर्वेकडून नागपुराकडे वळते. ह्या रेघेची लांबी सुमारे ४३० किलोमीटर भरते. रस्त्याने हेच अंतर पाचशे किलोमीटरांच्या घरात जाते. विमान ताशी सातशे किलोमीटर वेगाने चालते असे धरले, तर ४३० किलोमीटरांस अवघी ३७ मिनिटे पुरावीत असा त्रैराशिकाचा हिशेब येतो. परंतु वेळापत्रकात मात्र तासाहून अधिक, बहुधा सव्वा तासाच्या आसपास वेळ छापलेला असतो. कारण धावपट्टीवर चालणे, उंची गाठणे, पुढे वेग कमी करून खाली उतरणे ह्या सर्वांस वेळ लागतो, आणि वाराही कधी साह्य करतो, तर कधी आडवा येतो.

हा हिशेब इयत्ता सातवीतील मुलगाही करू शकेल. परंतु त्यातील ४३० हा आकडा आला कोठून, असा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. आकाशात मैलांचे दगड रोवलेले नसतात. दोन स्थळांचे अक्षांश व रेखांश ठाऊक असले आणि पृथ्वीचा आकार नक्की ठाऊक असला, तरच त्यांच्यामधील सरळ अंतर कागदावर काढता येते. हिंदुस्थानात हे ज्ञान शास्त्रशुद्ध रीतीने मिळविण्याचा आरंभ ज्या पुरुषाने केला, तो हैदराबादेहून नागपुरास जावयास निघाला असता वाटेतच मरण पावला. त्याची कबर हिंगणघाट येथे आहे. म्हणजे यवतमाळापासून सरळ रेषेत सुमारे ७५ किलोमीटरांवर. त्याचे नाव विल्यम लॅम्बटन. त्याच्या मागून आलेल्या अधिकाऱ्याचे नाव जगातील प्रत्येक शाळेत शिकविले जाते. ह्याचे नाव मात्र त्याच्या कबरीशेजारच्या मुलुखातही थोड्यांसच ठाऊक आहे. म्हणून त्याचे चरित्र येथे थोडक्यात सांगण्याचे योजिले आहे.

लॅम्बटनचा जन्म १७५३ च्या सुमारास इंग्लंडच्या उत्तरेकडील यॉर्कशायर परगण्यात एका गरीब घरी झाला. घरची स्थिती बेताची असली तरी मुलगा हुशार होता. नॉर्थालर्टन गावच्या शाळेत त्यास प्रवेश मिळाला आणि पुढे चार्ल्स हटन नावाच्या नामांकित गणितज्ञाजवळ त्याने गणिताचे शिक्षण घेतले. १७८१ साली तो फौजेत दाखल झाला. अमेरिकेतील युद्ध संपल्यावर कॅनडातील न्यू ब्रन्सविक प्रांतात त्यास बराकींच्या देखरेखीचे काम मिळाले. हे काम मानाचे नव्हते आणि त्यात उत्कर्षाची आशाही नव्हती. तेथे त्याने सुमारे तेरा वर्षे काढली. परंतु हा काळ त्याने गंजिफा खेळण्यात किंवा आपल्या नशिबास बोल लावण्यात घालविला नाही. गणित, ज्योतिष आणि भूमापन ह्या विषयांवरील ग्रंथ मिळवून तो एकांतात अभ्यास करीत राहिला. त्या अभ्यासाचा उपयोग कधी होईल की नाही, हे त्यास ठाऊक नव्हते.

त्या काळी त्याच्यावर एक आपत्ती ओढवली. सूर्यग्रहण पाहताना त्याच्या एका डोळ्यास इजा होऊन त्या डोळ्याची दृष्टी अधू झाली ती कायमची. उघड्या डोळ्यांनी ग्रहण पाहण्यात केवढा धोका असतो, ह्याचे हे उदाहरण विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावे. ज्याला पुढे आयुष्यभर दुर्बिणीस डोळा लावून दूरच्या निशाणांचा वेध घ्यावयाचा होता, त्याच्या वाट्यास हे यावे, ही दैवाची थट्टाच म्हणावयाची!

१७९७ च्या सुमारास लॅम्बटन हिंदुस्थानात आला. त्याच्या ३३ व्या पलटणीचा मुख्य आर्थर वेलस्ली हा होता. हा तोच वेलस्ली, ज्याने पुढे १८०३ साली असई व अडगाव येथील लढाया जिंकून आपल्या वऱ्हाडातील गाविलगड सर केला, आणि जो नंतर ड्यूक ऑफ वेलिंग्टन ह्या नावाने प्रसिद्धीस आला. लॅम्बटनचे वय ह्या वेळी चव्वेचाळीसच्या घरात होते. ज्या वयात पुष्कळ लोक पेन्शनीचे दिवस मोजू लागतात, त्या वयात ह्या माणसाच्या खऱ्या कार्यास अद्याप प्रारंभही झाला नव्हता.

१७९९ साली टिपू सुलतानाशी इंग्रजांचे शेवटचे युद्ध झाले. त्या मोहिमेतील एक गोष्ट सांगतात. एका काळोख्या रात्री जनरल बेअर्ड ह्याची तुकडी कूच करीत होती. आपण आपल्या छावणीकडे परतत आहो अशी सर्वांची समजूत होती. लॅम्बटनने सहज वर आकाशाकडे पाहिले. सप्तर्षींचे स्थान पाहून त्याच्या ध्यानात आले की तुकडी दक्षिणेस न जाता उत्तरेस, म्हणजे थेट शत्रूच्या गोटाकडे चालली आहे. त्याने हे सेनापतीच्या कानावर घातले. प्रथम त्याच्यावर विश्वास बसेना. परंतु होकायंत्र पाहताच त्याचे म्हणणे खरे ठरले आणि तुकडी वेळीच माघारी फिरली. न्यू ब्रन्सविकच्या थंडीत एकट्याने केलेला अभ्यास असा अनपेक्षित प्रसंगी कामी आला.

म्हैसूरचे युद्ध संपल्यावर लॅम्बटनने सरकारपुढे एक योजना मांडली. पूर्व किनाऱ्यापासून पश्चिम किनाऱ्यापर्यंत दक्षिण हिंदुस्थानाची त्रिकोणांच्या पद्धतीने मोजणी करावी आणि त्याबरोबरच विषुववृत्ताजवळ पृथ्वीच्या वक्रतेचे माप घ्यावे, असा तिचा आशय होता. वेलस्लीने ह्या योजनेस पाठिंबा दिला आणि मद्रासच्या गव्हर्नरने ती मान्य केली. परंतु विरोधही कमी झाला नाही. खर्च पाहणाऱ्या मंडळींपैकी एका गृहस्थाने तर अशी शंका काढल्याचे सांगतात की, एखाद्यास श्रीरंगपट्टणास जावयाचे असल्यास त्याने मेण्यात बसून भोयांस हुकूम करावा म्हणजे झाले. त्यासाठी एवढ्या मोजणीचे काय प्रयोजन? ज्याला फक्त पोहोचावयाचे आहे त्याला अंतराची फिकीर नसते, हे खरे. परंतु राज्यकारभार, जलमार्ग, रेल्वे आणि पुढे विमानमार्ग हे सर्व भोयांच्या आठवणीवर चालत नाहीत.

कंपनी सरकारने ही मोजणी केवळ विद्येच्या प्रेमाने हाती घेतली असे मानण्याचे कारण नाही. नवा जिंकलेला मुलूख ताब्यात ठेवणे, सैन्याच्या वाटा आखणे, जमाबंदी करणे ह्यांसाठी नकाशे हवे होते. लॅम्बटनचा हेतू मात्र त्याच्या पलीकडचा होता. पृथ्वी ही अगदी वाटोळी नसून ध्रुवांकडे थोडी चपटी आहे, असे न्यूटनने गणिताने सांगितले होते. तसे असेल तर उत्तरेकडे एका अक्षांशाची लांबी थोडी अधिक व विषुववृत्ताकडे थोडी कमी भरली पाहिजे. युरोपात अशी मापे झाली होती. उष्ण कटिबंधातील विश्वसनीय मापे फार थोडी होती. ती उणीव भरून काढावी, ही त्याची आकांक्षा होती.

आता ही मोजणी कशी करतात ते थोडक्यात पाहू. त्रिकोणाची एक बाजू व तिच्या दोन टोकांचे कोन ठाऊक असले म्हणजे उरलेल्या दोन बाजू गणिताने काढता येतात, हे भूमितीच्या विद्यार्थ्यांस माहीत आहेच. म्हणून प्रथम सपाट जमिनीवर एक पायारेषा अत्यंत काळजीने प्रत्यक्ष मोजावयाची. तिच्या दोन्ही टोकांवरून दूरच्या एखाद्या टेकडीवरील निशाणाचा वेध घेऊन कोन मोजावयाचे. त्यावरून पुढील बाजू निघाल्या की त्या बाजूंवर नवे त्रिकोण उभारावयाचे. येणेप्रमाणे त्रिकोणामागून त्रिकोण अशी साखळी शेकडो मैल पुढे नेता येते. नद्या, दऱ्या, जंगले ह्यांवरून दृष्टी जाते, मोजण्याची साखळी जात नाही. हेच ह्या रीतीचे मर्म होय. मोठ्या अंतरावर तर पृथ्वीच्या गोलाईमुळे त्रिकोणाच्या तीन कोनांची बेरीज दोन काटकोनांहून किंचित अधिक भरते. तेवढाही फरक हिशेबात धरावा लागतो.

पहिली पायारेषा मद्रास येथे सेंट थॉमस माउंट नावाच्या टेकडीजवळ आखण्यात आली. १८०२ सालच्या १० एप्रिल रोजी कामास आरंभ झाला. मोजण्याची पोलादी साखळी १०० फूट लांबीची होती. ती मुळात चीनच्या बादशहास नजर करण्यासाठी पाठविलेल्या वस्तूंपैकी होती. तेथे तिचा स्वीकार न झाल्यामुळे ती हिंदुस्थानात आली. लाकडी पेट्यांच्या आधारावर ती ताणून बसवावयाची, उन्हापासून तिचे रक्षण करावयाचे, तिच्याजवळ उष्णतामापक ठेवून प्रत्येक वेळी उष्णमान टिपावयाचे आणि मगच पुढे सरकावयाचे, असा क्रम होता. रेषा सुमारे साडेसात मैलांची. साखळी सुमारे ४०० वेळा मांडावी लागली आणि ह्या कामास ५७ दिवस लागले. म्हणजे दिवसास सरासरी सातशे फूट! साधा माणूस तेवढे अंतर तीन मिनिटांत चालून जाईल.

एवढी सावधगिरी कशासाठी, असे कोणास वाटेल. फॅरनहाइटच्या मापाने उष्णता वीस अंशांनी वाढली, तर शंभर फूट पोलाद इंचाच्या सुमारे सातव्या भागाने लांबते. एवढे अंतर डोळ्यांस जाणवतही नाही. परंतु तीच चूक चारशे वेळा झाली म्हणजे ती जवळजवळ पाच फुटांची होते, आणि पायारेषेतील चूक पुढील प्रत्येक त्रिकोणात उतरते. आरंभीची लहान चूक पुढे किती वाढत जाते, हे ह्यावरून दिसेल. ही गोष्ट मोजणीस जशी लागू आहे तशी शीलासही लागू आहे. योगायोग असा की, आज मद्रासचा, म्हणजे चेन्नईचा, विमानतळ ह्याच टेकडीच्या परिसरात आहे. जेथे लॅम्बटन दिवसाकाठी सातशे फूट सरकत होता, त्याच टापूतून आज विमाने उड्डाण करतात.

कोन मोजण्याचे थिओडोलाइट यंत्र लंडनच्या केरी नावाच्या कारागिराने तयार केले होते. त्याचे मुख्य चक्र तीन फूट व्यासाचे असून वजन सुमारे अर्धा टन होते. हे यंत्र घेऊन येणारे जहाज फ्रेंचांनी पकडले आणि यंत्र मॉरिशस बेटावर नेण्यात आले. परंतु ते शास्त्रीय कामाचे आहे असे कळताच तेथील फ्रेंच गव्हर्नरने ते सन्मानपूर्वक हिंदुस्थानास पाठवून दिले. दोन राष्ट्रांत हाडवैर असताही विद्येच्या बाबतीत दाखविलेले हे औदार्य खचित स्मरणीय आहे.

मद्रासपासून आरंभ करून मंगळूरपर्यंत त्रिकोणांची साखळी नेल्यावर १८०६ च्या सुमारास एक आश्चर्याची गोष्ट निदर्शनास आली. त्या काळच्या चांगल्या नकाशांत ह्या ठिकाणी द्वीपकल्पाची रुंदी ४०० मैल दाखविलेली होती. प्रत्यक्षात ती ३६० मैल भरली. चाळीस मैल भूमी केवळ कागदावर होती! आज चेन्नई व मंगळूर येथील विमानतळांमधील सरळ अंतर सुमारे ५७० किलोमीटर, म्हणजे ३५६ मैलांच्या जवळपास, मानतात. दोन्ही विमानतळ किनाऱ्यापासून थोडे आत आहेत हे ध्यानात घेतले, म्हणजे लॅम्बटनचा आकडा किती खरा होता हे कळेल. चाळीस मैल म्हणजे आजच्या विमानाची सहा-सात मिनिटे. रात्रीच्या वेळी, ढगांच्या वरून जाणाऱ्या वैमानिकास एवढी चूक किती महाग पडेल, ह्याचा विचार वाचकांनीच करावा.

ह्या कामात पदोपदी संकटे येत. निशाणे रोवण्यासाठी उंच स्थळे हवीत, म्हणून मोजणीदार टेकड्या, किल्ले व देवळांची शिखरे शोधीत. दुर्बिणीतून आमच्या घरांतील स्त्रिया पाहतात, अशी शंका लोकांस येई, आणि कित्येक संस्थानिकही उंचावरून आपल्या वाड्यांकडे रोखलेली दुर्बीण पाहून रागावत. हा संशय अगदीच निराधार होता असेही म्हणवत नाही. परक्या सत्तेच्या निशाणाकडे रयतेने विश्वासाने पाहावे तरी कसे?

१८०८ साली तंजावर येथे सर्वांत मोठे संकट आले. त्या सपाट मुलुखात उंच स्थळ म्हणजे तेथील प्राचीन बृहदीश्वर मंदिर. मंदिरावर यंत्र चढवीत असता दोर तुटला आणि ते अर्ध्या टनाचे नाजूक यंत्र भिंतीवर आदळले. चक्र वाकले. दुसरे यंत्र विलायतेहून यावयास वर्षे लागली असती. कोणासही वाटले असते की आता काम संपले. लॅम्बटनने कोणावर दोषारोप केला नाही. मद्रासच्या तोफखान्यातील निवडक कारागीर घेऊन त्याने स्वतःस तंबूत कोंडून घेतले. पाचरी, स्क्रू व कप्प्या लावून वाकलेले चक्र त्याने केसाकेसाने पूर्वस्थितीवर आणले. सहा आठवड्यांनी तो तंबूबाहेर आला तेव्हा यंत्र पुन्हा वापरण्याजोगे झाले होते. त्याच यंत्राने पुढे कित्येक वर्षे मोजणी चालली. तंबूतील हे सहा आठवडे रणांगणावरील कोणत्याही विजयाहून कमी मोलाचे नाहीत, असे आम्हांस वाटते.

त्याच्या हाताखालील माणसांविषयीही चार शब्द लिहिणे अवश्य आहे. मद्रास येथे मोजणी शिकविणारी एक शाळा होती. तीत अनाथाश्रमातील मुलांस घेत असत. जोशुआ डी पेनिंग हा त्याचा विश्वासू साहाय्यक अशाच शिक्षणातून पुढे आला. ह्या मुलांस लॅम्बटन वडिलांच्या मायेने वागवी, आणि तीही त्याच्या कामास जन्मभर चिकटून राहिली. ह्यांखेरीज निशाणे धरणारे, साखळी ओढणारे, जंगल तोडणारे आणि यंत्र खांद्यावर वाहणारे शेकडो देशी लोक होते. हिवताप, वाघ, पावसाळ्यातील पूर ह्यांनी त्यांतील कित्येकांचे बळी घेतले. त्यांची नावे कोणत्याही ग्रंथात नाहीत. नकाशावरची रेघ बारीक दिसते. परंतु तिच्याखाली किती माणसांचे श्रम गाडलेले असतात!

येणेप्रमाणे वीस वर्षे लोटली. कन्याकुमारीच्या जवळपासून बिदरपर्यंत सुमारे दहा अक्षांशांची, म्हणजे पावणेसातशे मैलांच्या आसपास लांबीची, दक्षिणोत्तर साखळी तयार झाली. एकंदर १,६५,००० चौरस मैलांहून अधिक मुलूख ह्या त्रिकोणांच्या जाळ्याखाली आला. १८१७ साली लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यास आपला सभासद करून घेतले आणि फ्रान्सच्या विद्वत्परिषदेनेही त्याचा गौरव केला. १८१८ साली ह्या कामास ग्रेट ट्रिगोनोमेट्रिकल सर्व्हे ऑफ इंडिया असे नाव मिळाले आणि त्याच वर्षी जॉर्ज एव्हरेस्ट नावाचा एक तरुण अधिकारी त्याचा साहाय्यक नेमला गेला.

ही दक्षिणोत्तर साखळी सामान्यतः ७८ व्या रेखांशाच्या आसपासून जाते. नकाशात पाहिले असता आढळेल की, ह्या रेखांशाची रेघ यवतमाळ शहराच्या थोड्या पश्चिमेकडून जाते आणि दारव्हा, दिग्रस, पुसद ही गावे तिच्याही पश्चिमेस आहेत. म्हणजे पृथ्वीचा आकार ठरविणारी ही रेघ आपल्याच मुलुखाकडे येत होती.

आता लॅम्बटनचे वय सत्तरीस पोहोचले होते. प्रकृती क्षीण झाली होती. खोकल्याने व क्षयाने शरीर पोखरले होते. कोणीही त्यास विश्रांती घेण्याचाच सल्ला दिला असता. परंतु बिदरच्या उत्तरेकडील काम समोर दिसत असता त्यास हैदराबादेत स्वस्थ बसवेना. मुख्य ठाणे नागपुरास हलवावे असे ठरले आणि हा वृद्ध मोजणीदार आपल्या लवाजम्यासह नागपूरच्या वाटेस लागला. त्या वेळी ह्या दोन शहरांमध्ये आजच्यासारखा पक्का रस्ता नव्हता, वर्धा नदीवर पूल नव्हता आणि आगगाडीचे नावही कोणास ठाऊक नव्हते. बैल, तट्टे, मेणे आणि माणसांचे खांदे हीच वाहने. रोज दहा-बारा मैलांची मजल झाली म्हणजे पुष्कळ झाले. विमानाने ज्यास आज सव्वा तास पुरतो, त्या प्रवासास तेव्हा महिनाभर तरी लागावयाचा.

वर्धा नदीच्या पलीकडे, हिंगणघाट येथे, १८२३ सालच्या जानेवारी महिन्याच्या २० तारखेस लॅम्बटनने देह ठेवला. तेथून नागपूर सरळ रेषेत सुमारे ७० किलोमीटर राहिले होते. आणखी चार-पाच मजला झाल्या असत्या तर तो मुक्कामास पोहोचता. विमानास हे अंतर तोडण्यास आठ-दहा मिनिटे लागतात. ज्याने आयुष्यभर अंतरे मोजली, त्यास शेवटचे एवढेसे अंतर काही पुरे करता आले नाही. हिंगणघाटासच त्याचे दफन झाले.

त्या वेळी एव्हरेस्ट दुसरीकडे मोजणीच्या कामावर होता. गुरूच्या मागून त्याने ती धुरा उचलली. १८२५ साली आपल्या वऱ्हाडात एलिचपूरजवळ नवी पायारेषा मोजण्यात आली, म्हणजे साखळी बिदरहून वऱ्हाडापर्यंत येऊन पोहोचली. पुढे आजार, तापाचे झटके आणि अनेक अडचणी सोसून एव्हरेस्टने ती हिमालयाच्या पायथ्यापर्यंत नेली. १८४१ साली सुमारे २४०० किलोमीटरांचे हे महान काम पुरे झाले. १८३० साली एव्हरेस्टने ह्या मापांवरून पृथ्वीच्या आकाराचे जे गणित मांडले, त्याच्या आधारावर हिंदुस्थानचे नकाशे शतकाहून अधिक काळ तयार होत होते. ह्याच मोजणीच्या खात्यात राधानाथ सिकदर ह्या बंगाली गणितज्ञाने हिमालयातील शिखरांच्या उंचीचे हिशेब केले. १८५२ साली जगातील सर्वोच्च शिखर हिशेबातून सापडले. १८५६ साली त्याची उंची २९,००२ फूट म्हणून जाहीर झाली आणि १८६५ साली त्यास एव्हरेस्टचे नाव मिळाले. २०२० साली नव्या साधनांनी हीच उंची ८८४८.८६ मीटर, म्हणजे सुमारे २९,०३२ फूट, ठरली. दीडशे वर्षांपूर्वीच्या आकड्यात अवघा तीस फुटांचा फरक! ह्या अचूकतेचे मूळ मद्रासच्या माळावर ५७ दिवस सरकत राहिलेल्या त्या साखळीत आहे.

लॅम्बटनच्या मृत्यूनंतर शंभर-सव्वाशे वर्षांनी नागपूर हे विमानमार्गांचे नाके बनले. १८२३ साली ज्या नागपुरास तो पोहोचू शकला नाही, तेथेच १९४९ सालापासून मुंबई, कलकत्ता, दिल्ली व मद्रास येथून निघालेली टपालाची विमाने मध्यरात्री एकत्र येऊ लागली आणि आपापल्या थैल्यांची अदलाबदल करून परत जाऊ लागली. ती व्यवस्था पुढे बंद झाली; परंतु चार दिशांची चार विमाने काळोखात ठरल्या वेळी एका ठिकाणी उतरावयाची, तर त्यांस अंतरांचे आकडे किती खरे हवे असतील! आज हे काम उपग्रह करतात. अक्षांश-रेखांश क्षणात कळतात आणि दोन विमानतळांमधील अंतर लहान मूलही यंत्रास विचारू शकते. उत्तर इतके सहज मिळते, म्हणूनच ते मिळविण्यास एके काळी काय द्यावे लागले, हे आठवणे अवश्य आहे.

ह्या चरित्रापासून विद्यार्थ्यांनी काय घ्यावे? पहिली गोष्ट ही की, गरिबीत जन्म होणे, आडगावी पडून राहणे किंवा वयाची चाळिशी उलटणे ह्यांमुळे आयुष्य वाया गेले असे समजू नये. एकांतात प्रामाणिकपणे केलेला अभ्यास आपली वेळ येईपर्यंत वाट पाहत असतो. दुसरी ही की, काम बिघडले असता दोष कोणाचा हे शोधण्याहून ते सुधारण्यात वेळ घालवावा. आणि तिसरी, जी पालकांसही सांगावीशी वाटते, ती ही की, प्रत्येक चांगले काम एकाच आयुष्यात पुरे होते असे नाही. आपल्या शेताच्या बांधावर आंब्याची कोय लावणारा म्हातारा फळ आपल्यास मिळेल म्हणून ती लावीत नाही. लॅम्बटनने हिमालय पाहिला नाही, नागपूरही पाहिले नाही. तरी त्याने सोडलेल्या जागेवरून दुसऱ्याने साखळी उचलली, कारण तोपर्यंतचे प्रत्येक माप खरे होते. परमेश्वराने दिलेल्या आयुष्याचा आपल्या वाट्याचा तुकडा चोख मोजून पुढच्याच्या हाती द्यावा, एवढेच मनुष्याच्या हाती आहे.

पांढरकवड्याहून नागपुरास जाणाऱ्या महामार्गावर वर्धा नदी ओलांडल्यावर हिंगणघाट लागते. ह्या वाटेने जाण्याचा प्रसंग आल्यास विद्यार्थ्यांनी आपल्या वडिलांस थोडे थांबण्याची विनंती करावी आणि त्या वृद्ध मोजणीदाराच्या कबरीपुढे क्षणभर उभे राहावे. त्या वेळी डोक्यावरून एखादे विमान नागपुराकडे जात असेल, तर उरलेले सत्तर किलोमीटर ते किती मिनिटांत तोडील, ह्याचा हिशेब तेथेच मनातल्या मनात करावा.